ग्लुटेन-फ्रीचं पाकीट: कुणी घ्यावं, काय घ्यावं आणि काय दुकानातच ठेवून यावं

हल्ली कुडाळ, चिपळूण, रत्नागिरी, कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या दुकानात गेलात की एक फळी "ग्लुटेन फ्री"ची दिसतेच. कुकीज, पास्ता, आटा, केकचं मिक्स, पिझ्झाचा बेस. तिथेच बाजूला कोकम सरबताच्या बाटलीवर पण तोच शिक्का, तांदळाच्या पापडावर पण तोच, जणू काही आधी त्यात गहू होता आणि ह्यांनी बसून निवडून काढला. घेणारे पण तऱ्हेतऱ्हेचे, कुणी डॉक्टरने सांगितलंय म्हणून जिवाच्या आकांताने शोधतंय, कुणाला वजन उतरवायचंय, कुणी नुसतंच चाखून बघतंय. आणि घरातली म्हातारी माणसं विचारतात, "आमच्या भाकरेत खंय गहू आसा, मगे ह्या पाकीट कित्याक?" माझ्या मते ह्या सगळ्यात शहाणा प्रश्न हाच. पण त्याचं उत्तर वाटतं तेवढं सरळ नाही, कारण काही पाकिटं आपल्याला अजिबात लागत नाहीत आणि एकदोन अशी आहेत की ज्यांना गरज आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावीत.

माझ्या भाचीला सीलियाक आहे (म्हणजे काय ते खाली सांगतो), त्यामुळे आमच्या घरात ही पाकिटं सतत येत असतात, मुंबईहून येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो आणि ती एकटी किती खाणार म्हणून आम्ही पण खातो. तेव्हा चवीबद्दल जे लिहिलंय ते ऐकीव नाही.

आधी ग्लुटेन म्हणजे काय ते बघू

गव्हाच्या पिठात साधारण 10-12 टक्के प्रोटीन असतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं दोन प्रकारचं, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. पीठ कोरडं आहे तोवर दोघं आपापल्या जागी पडून असतात, पाणी घालून मळायला लागलं की एकमेकांत गुंततात आणि त्यांचं चिवट जाळं तयार होतं, ते ग्लुटेन. आपल्याकडे जाळ्याचं काम कुणाला समजावून सांगायला नको, वीण घट्ट असली की आत आलेलं बाहेर निसटत नाही. पावाच्या पिठात यीस्ट जो गॅस सोडतं तो ह्याच जाळ्यात अडकून राहतो म्हणून पाव फुगतो. पोळी लाटताना फाटत नाही, पास्ता उकळत्या पाण्यात विरघळत नाही, ते पण ह्याच्याच जोरावर. खात्री करायची तर कणकेचा गोळा नळाखाली धरून चोळत बसा, पांढरं पाणी म्हणजे स्टार्च वाहून जातं आणि हातात ताणला जाणारा चिवट गोळा राहतो, तो जवळजवळ सगळा ग्लुटेनच.

गहू, जव आणि राय (थंड देशांतलं एक धान्य) ह्या तीन धान्यांत हे त्रास देणारं प्रोटीन असतं. रवा, मैदा, दलिया, शेवया हे सगळं गव्हाचंच. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, मका, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी ह्यांच्यात ते नाही. ओट्सचं जरा वेगळं आहे, त्यात स्वतःचं असं ग्लुटेन नसतं पण शेतात, ट्रकात, कारखान्यात गव्हा-जवाशी इतकी सरमिसळ होते की साधे ओट्स धरायचेच नाहीत, मुद्दाम ग्लुटेन-फ्री लिहिलेले असले तरच, आणि सीलियाकवाल्यांनी ते पण डॉक्टरला विचारून, कारण थोड्या जणांना शुद्ध ओट्स सुद्धा चालत नाहीत.

त्रास कुणाला होतो

बहुतेकांना काहीच होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना होतो त्यांचे तीन गट आहेत.

पहिला आणि गंभीर म्हणजे सीलियाक. शरीराची आपली स्वतःची संरक्षण यंत्रणा ग्लुटेन आलं की बिथरते आणि लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. त्या अस्तरावर अगदी बारीक बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व शोषून घ्यायचं काम त्यांचं, ते झिजत झिजत सपाट होतात. मग पोर खातं पण अंगाला काही लागत नाही. जुलाब, फुगलेलं पोट, उंची न वाढणं, गोळ्या घेऊन पण रक्त न वाढणं, मोठ्यांमध्ये हाडं ठिसूळ होणं, तोंड येणं, नुसता थकवा, असं काहीही असू शकतं, आणि कधीकधी पोटाची तक्रार अजिबातच नसते. भाचीचं पण आधी जंताचं औषध, मग टॉनिक, असंच बरेच दिवस चाललं होतं. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला सीलियाक सापडतो, दक्षिणेत हजारात एखाद्याला, त्यामुळे आपल्यासारख्या भातखाऊ पट्ट्यात तो कुणाच्या पटकन डोक्यातच येत नाही. घरात एकाला असेल तर आईबाप, सख्खी भावंडं, मुलं ह्यांना असण्याची शक्यता 5 ते 10 टक्के असते, म्हणून त्यांची पण तपासणी करून घ्यायची असते, हे बरेच जण विसरतात.

ह्याचं मूळ गव्हात आहे हे कळलं त्याची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे. विलेम डिके नावाचे हॉलंडचे एक बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, लोक मिळेल ते खात होते, आणि अशा वेळी ही आजारी मुलं चक्क सुधारायला लागली. पाव परत आला तशी ती परत आजारी पडली. 1950 मध्ये त्यांनी हे सगळं प्रबंधात मांडलं.

दुसरा गट गव्हाच्या ॲलर्जीचा, म्हणजे कोलंबी खाऊन कुणाला पित्त उठतं, ओठ सुजतात, तसलं ते. त्यात भानगड गव्हाची असते, जव-राय काहींना चालतं, काहींना नाही. तिसरा गट सीलियाक पण नाही, ॲलर्जी पण नाही, पण पोळी-पाव खाल्ला की पोट फुगतंच असं म्हणणाऱ्यांचा. ही माणसं खोटं बोलत नसतात. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना त्रास ग्लुटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टन नावाच्या कर्बोदकाचा असतो असं आता दिसतंय, आणि ते कांद्या-लसणीत पण असतं. अशा माणसाने महागडा ग्लुटेन-फ्री पास्ता आणून वर कांदा-लसणीचं दणदणीत वाटण घातलं तर पोट फुगायचं ते फुगणारच.

मग सरळ महिनाभर सोडून बघू की!

टेनिसवाल्या नोव्हाक जोकोविचने ग्लुटेन सोडलं आणि 2011 चं वर्ष गाजवलं, त्याने स्वतः त्याचं श्रेय आहाराला दिलं, तेव्हापासून हे वेड आणखीच पसरलं. त्याच्याकडे डॉक्टर होते, आपल्याकडे व्हॉट्सॲप आहे.

शंका असेल तर आधी तपासणी, मग सोडणं, हा क्रम उलटा करू नका. सीलियाकची पहिली तपासणी रक्ताची असते, टीटीजी-आयजीए नावाची, त्यात शरीराने ग्लुटेनला चिडून तयार केलेल्या अँटिबॉडी मोजतात, आणि ती पॉझिटिव्ह आली तर बहुतेक वेळा दुर्बिणीने आतड्याचा छोटा तुकडा काढून बघतात. आता तुम्ही गहू आधीच सोडलेला असेल तर अँटिबॉडी उतरतात, अस्तर भरून यायला लागतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. मग डॉक्टर म्हणतात परत काही आठवडे गहू खा आणि मग या, म्हणजे बरं वाटायला लागलेल्या माणसाला परत आजारी पाडायचं. आपल्याकडे तर नकळत पण असं होऊ शकतं, कारण घरात तिन्हीत्रिकाळ भात-भाकरी असेल तर गहू मुळात कमीच जातो पोटात. डॉक्टरला हे स्वतःहून सांगा, की आम्ही पोळ्या फारशा खात नाही.

शिक्का मारायला काय लागतं

आपल्या देशात एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे की एक किलो मालात ग्लुटेन 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच ग्लुटेन-फ्री म्हणायचं. कोडेक्स नावाच्या आंतरराष्ट्रीय अन्न-नियमांची आणि अमेरिकेची मर्यादा पण तीच. 20 ते 100 मिलिग्रॅममध्ये असेल तर तो माल "लो ग्लुटेन", आणि सीलियाकच्या माणसासाठी तो नाही.

म्हणजे शिक्का शून्याची हमी देत नाही. मग चालतं कसं? हिशोब करून बघा. एका पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते, त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन, म्हणजे अडीच हजार मिलिग्रॅम. आणि 150 ग्रॅमचा अख्खा कुकीजचा पुडा एकट्याने संपवला तरी मर्यादेतल्या मालातून जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम जाईल. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी सीलियाकच्या लोकांना तीन महिने रोज मोजून ग्लुटेन दिलं होतं, 50 मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्यात नुकसान दिसलं. सर्वसाधारणपणे रोज 10 मिलिग्रॅमच्या आत असलेलं बहुतेकांना झेपतं असं धरतात, आणि 20 च्या मर्यादेतलं अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्लं तरी त्यातून 10 च मिलिग्रॅम जातं.

आता हाच हिशोब "एवढ्याशाने काय होतंय, घे गं पोरी" म्हणणाऱ्या मावश्या-काकवांना ऐकवा. 50 मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग. म्हणजे पोळीचा एवढासा तुकडा, प्रसादाच्या शिऱ्याचं बोटभर चाटण, तेवढ्यात हा आकडा ओलांडला जातो. आणि रोज तसं होत राहिलं तर पोटात दुखलं नाही तरी आतलं नुकसान चालू राहतं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग, कारण दुखत नाही म्हणून माणूस बिनधास्त होतो. तळून, भाजून, उकळून पण ग्लुटेन मरत नाही, ते काही जंतू नव्हे.

पाकीट उलटं करा

पुढची बाजू जाहिरातीची, मागची कामाची. मागे घटकांची यादी असते ती वजनाच्या उतरत्या क्रमाने, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी फसवणूक टळते. "नाचणी बिस्किट" म्हणून पुढे नाचणीच्या कणसाचा फोटो आणि मागे पहिलाच घटक गव्हाचं पीठ, नाचणी कुठेतरी चौथ्या-पाचव्या नंबरवर, असं ढिगाने सापडतं. आमच्या घरात एकदा असा पुडा पाहुण्यांनी मोठ्या प्रेमाने आणला, त्यांना वाटलं नाचणी म्हणजे चालेलच की.

यादीखाली ॲलर्जीची ओळ असते, "कंटेन्स" म्हणून. तिथे व्हीट, बार्ली, राय किंवा नुसतं ग्लुटेन लिहिलेलं असेल तर विषय संपला. "मे कंटेन" लिहिलं असेल तर मालात घातलेलं नाही पण त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर गव्हाचं काम होतं, सीलियाकवाल्याने ते पण ठेवून द्यायचं.

बाकी फसवणारे शब्द बघा. "नो मैदा" म्हणजे कणीक आहे. "मल्टीग्रेन" म्हणजे गहू आणि वर चिमूटभर बाकीचं. "माल्ट" म्हणजे बहुतेक वेळा जव, आणि ते कॉर्नफ्लेक्समध्ये असतं, दुधात घालायच्या पावडरींमध्ये असतं. सोया सॉस, त्यात पण बहुधा गहू असतो, त्यामुळे घरी तांदळाच्या शेवया आणून चायनीज केलं तरी सॉसची बाटली वाचायची. आणि खपली गहू! सध्या खपलीचं फार कौतुक चाललंय, जुनं वाण, पचायला हलका वगैरे, असेल बुवा, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. "पूर्वीच्या गव्हात ग्लुटेन नव्हतं" हे ज्यांनी कुणी पसरवलंय त्यांना सांगावंसं वाटतं की डिकेंच्या त्या पोरांनी हायब्रीड गहू खाल्ला नव्हता, तेव्हा तो यायचाच होता.

उलट काही नावं वाचून उगाच घाबरायला होतं. आयएनएस 415 म्हणजे झँथन गम, जिवाणूंकडून साखर आंबवून करतात. आयएनएस 412 म्हणजे ग्वार गम, आपल्या गवारीच्या बियांचा. गव्हाचं जाळं नाही म्हटल्यावर पीठ धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतं, त्यासाठी हे घालतात, कुठे इसबगोल घालतात. ह्यांच्यात ग्लुटेन नाही, फक्त जास्त झालं तर काही जणांचं पोट गुडगुडतं.

बरं, लागतं कसं?

एक नियम आम्हाला खाऊन खाऊन कळला, ज्या पदार्थाला ते जाळं जितकं जास्त लागतं तितकी त्याची नक्कल वाईट.

कुकीज छान लागतात, खरंच. कारण कुकीला, नानकटाईला जाळं नकोच असतं, ती खुसखुशीत व्हायला पाहिजे, म्हणून तर नानकटाईचं पीठ फार मळू नका म्हणतात. पावसाळ्यात मात्र पुडा फोडला की आपल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीच मऊ, लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचा. केक बरा होतो, अंडं सांभाळून घेतं. पास्ता, मका आणि तांदूळ मिळून केलेला, तो पण चांगला, फक्त पाकिटावर दिलेल्या वेळेच्या आधीच एक-दोन मिनिटं चाखून बघायला लागतो, जरा नजर चुकली की पेज. गार झाला की कडक होतो, म्हणून गरमागरमच संपवायचा.

पाव, अरेरे. पावाला जाळं सगळ्यात जास्त लागतं आणि इथे ते नाहीच, त्यामुळे लहानसा, वजनदार, कोरडा, हातात धरला की भुगा. वर किंमत बघून डोळे पांढरे होतात. त्यातल्या त्यात भाजून गरम खाल्ला तर बरा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला तर उलट लवकर कडक होतो, कारण शिजलेला स्टार्च थंडीत परत घट्ट व्हायला लागतो (फ्रिजमधला भात आठवा), आणि बाहेर ठेवला तर आपल्याकडे बुरशी. म्हणून आणल्या आणल्या फ्रीजरमध्ये, आणि एकेक स्लाइस काढून थेट तव्यावर. पिझ्झाच्या बेसबद्दल मी बोलत नाही.

आट्याचं पाकीट आणि आपली उकड

ग्लुटेन-फ्री आटा म्हणजे तांदूळ, ज्वारी, मका, कधी सोयाबीन, कधी टॅपिओकाचा (ज्या कंदाचा साबुदाणा करतात त्याचा) स्टार्च आणि थोडा गम. थंड पाण्यात मळून पोळी करायला गेलं की नकाशे. मग पाकिटावरच्या सूचना वाचल्या तर लिहिलेलं असतं, गरम पाण्यात मळा, झाकून ठेवा, थोडं थोडं लाटा. हे वाचून आमची आई हसायला लागली, म्हणे अरे ही तर उकड.

तेच आहे ते. उकळत्या पाण्यात पीठ घातलं की स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि जाळ्याचं थोडंफार काम तो करतो. मोदकाची पारी वळता येते ती त्यामुळेच, तांदळाची भाकरी तुटत नाही ती त्यामुळेच. कंपन्यांना ज्यासाठी गम घालायला लागतो ते आपल्या बायका मुठीने आणि वाफेने पिढ्यान् पिढ्या करतायत. आणि जिथे उकड नको तिथे पातळ पीठ तव्यावर ओतायचं, घावन, आंबोळी, त्याला लाटायचं झंझटच नाही. नूडल्स पाहिजेत? शिरवाळे काय आहेत मग, तांदळाच्या ताज्या गरम शेवया, त्या पण नारळाच्या रसात. पानग्या, पातोळ्या, खांडवी, सांदण, कुळथाची पिठी-भात, सगळं मुळातच बिनगव्हाचं. उपवासाचं सामान पण बघा, साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, वाण्याकडे कायम मिळतं आणि कुणी त्याच्यावर शिक्का मारून दुप्पट भाव लावलेला नाही, अजून तरी.

मग आपल्याकडे अडतं कुठे?

म्हातारी माणसं म्हणतात ते इथपर्यंत शंभर टक्के खरं. घोळ होतो तो गिरणीत.

गावातल्या गिरणीवर सकाळपासून गहू दळले जातायत, मध्येच आपले तांदूळ. जात्याच्या दगडात, पिठाच्या पिशवीत, खाली डब्यात मागच्याचं पीठ राहतंच आणि आपल्या पिठात पहिल्यांदा तेच येतं. बाकीच्यांना काही फरक पडत नाही, सीलियाकच्या माणसाला पडतो, आणि तो बिचारा म्हणतो मी तर रोज तांदळाची भाकरी खातो, मग रिपोर्ट का सुधारत नाही. तांदूळ शुद्ध, पीठ नाही. ह्याला उपाय दोनच, घरातली छोटी घरघंटी जिच्यात गहू कधीच टाकायचा नाही, नाहीतर शिक्क्याचं पिठाचं पाकीट. घरघंटीचा खर्च झेपत नसेल तर पीठ हीच ती गोष्ट जिच्यासाठी पाकिटाला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे.

दुसरं हिंग. बाजारात मिळतं ते बांधानी हिंग, म्हणजे अस्सल हिंगात गोंद आणि पीठ मिसळून केलेलं, आणि ते पीठ बऱ्याचदा मैदा असतो. आमटीत चिमूटभरच जातं पण रोज जातं. तांदळाच्या पिठात बांधलेलं हिंग मिळतं, लेबल वाचून ते घ्या. भाजणी, वड्याचं पीठ ही घराघराची वेगळी, कोंबडी-वड्याच्या पिठात तांदूळ-उडीद असले तरी काही ठिकाणी मूठभर गहू घालतात, विचारल्याशिवाय खाऊ नये. हॉटेलात सुरमई रवा लावून तळतात, तुम्ही सांगून तांदळाचं पीठ लावून घेतलीत तरी तेल तेच. मालवणला फिरायला आलेल्या सीलियाकच्या माणसाने आमटी-भात आणि सोलकढीवर भागवावं असं मी म्हणणार नाही, पण तव्यावर वेगळी, मसाला लावून भाजून द्या म्हटलं तर घरगुती खानावळवाले देतात. आमटीत हिंग कुठलं ते पण विचारा, ते तुमच्याकडे जरा बघतील, बघू देत.

घरात पण पोळपाट-लाटणं, चाळण, लाकडी उलथणं वेगळं ठेवायला लागतं. आणि पिठाच्या डब्यातली मापाची वाटी त्या एकाच डब्यात राहिली पाहिजे, हे पाहुण्या बाईमाणसांना पटवणं हा वेगळाच अभ्यासक्रम आहे.

एवढं महाग का, आणि पौष्टिक तरी असतं का

महाग असायला कारणं आहेत, वेगळं मशीन, वेगळं गोदाम, प्रत्येक खेपेची तपासणी, आणि गिऱ्हाईक कमी. पण कोकम सरबतावर शिक्का मारून जे भाव वाढवतात त्यांच्याकडे ह्यातलं एकही कारण नसतं.

पौष्टिक म्हणाल तर नाही हो. गहू काढला की त्याच्याबरोबर प्रोटीन गेलं, चोथा गेला, त्या जागी येतो टॅपिओका, मका, बटाटा ह्यांचा पांढरा स्टार्च, आणि चव यावी म्हणून जास्तीची साखर नाहीतर चरबी. साखर रक्तात भरभर चढते. डायबेटिसवाल्याने ग्लुटेन-फ्री बिस्किट "हेल्दी" म्हणून खाणं म्हणजे पैसे देऊन साखर वाढवून घेणं. वजन उतरवायला घेतलंत तर ते उतरेलच असं नाही, वाढू पण शकतं. सीलियाकचं पोर मात्र आधीच लोह, कॅल्शियममध्ये मागे पडलेलं असतं, त्याचं पोट कुकीजने भरून चालत नाही, त्याला नाचणी द्या (100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं), कुळीथ, मासे, अंडी, पालेभाज्या द्या. नाचणी पण घरघंटीवर दळलेली, नाहीतर परत तीच रडकथा.

तर मग घ्यायचं काय

घरात सीलियाक असेल तर पीठ (घरघंटी नसेल तर) आणि हिंग हे पाकिटातलंच, शिक्का बघून, ह्यात काटकसर नको. ओट्स खायचेच असतील तर ते पण. कुकीजचे एक-दोन पुडे कायम असावेत, गाडीच्या प्रवासाला, शाळेत कुणाचा वाढदिवस असला की दप्तरात टाकायला, कारण सगळी पोरं केक खाताना एकटीने राजगिऱ्याचा लाडू खायचा हे सात वर्षांच्या मुलीला कितीही समजावलं तरी कठीणच जातं. पास्ता कधीतरी हौस म्हणून. पाव आणायचा तर मुंबईहून येणाऱ्याला सांगा, पण तारीख बघून आणायला सांगा, आपल्याकडच्या छोट्या दुकानांत हा माल खपत नाही म्हणून महिनोन् महिने पडून असतो, आमच्याकडे एकदा आलेलं केकचं मिक्स मुदत संपायला आठ दिवस उरलेलं होतं आणि दुकानदाराने वर डिस्काउंट दिला म्हणून पाहुणे खूश.

आणि ज्यांना काहीच आजार नाही, नुसती उत्सुकता आहे, त्यांनी कुकीज एकदा खाऊन बघाव्यात, चांगल्या असतात. आट्याला हात लावू नये, तेवढ्या पैशात उकडे तांदूळ किती येतात ते वाण्याला विचारा.